अरण्यातील आरोग्य आणि शासनाचे माप



 रूढ उपचाराला फाटा देऊन मी सरळ विषयाकडे वळतो. विषय या व्याख्यानमालेच्या चालकांनीच मला नेमून दिला आहे : शासनाचे धोरण आणि जनतेच्या आरोग्यातील समता. विषय रूक्ष आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. धोरणाचे नाव निघताच सभेतील निम्म्या श्रोत्यांच्या पापण्या जड होतात, आणि उरलेल्या निम्म्यांना आता कोणत्या तरी मंत्र्याची हजेरी घेतली जाईल अशी आशा वाटू लागते. दोन्ही पक्षांची आज थोडी थोडी निराशा व्हायची आहे. कारण मला बोलायचे आहे ते मोजमापाविषयी.

रोग जंतूंमुळे होतो, डासांमुळे पसरतो, अर्धपोटी देहात बळावतो, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु एकच ताप वरोऱ्याच्या बाजारपेठेत तीन दिवसांच्या गोळ्यांनी उतरावा, आणि भामरागडच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर त्याच तापाने भरल्या घरातला कर्ता माणूस उठून जावा, हा भेद जंतूने केलेला असतो काय? जंतूला तालुक्याची सरहद्द कळत नाही. हा भेद पुष्कळ अंशी त्या माणसांनी केलेला असतो, ज्यांनी हे जंगल कधी पाहिलेले नाही, ज्यांच्या मनात या जंगलाविषयी यत्किंचित दुष्टावाही नाही, आणि ज्यांनी केवळ एका दालनात बसून किती माणसांमागे एक दवाखाना असावा याचा आकडा ठरवला. शासन अरण्यात काहीच करीत नाही, अशी तक्रार मी करणार नाही. ती खोटी ठरेल. शासन पुष्कळ करते. माझा आक्षेप त्याच्या मापावर आहे.

प्रथम थोडा इतिहास. हा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख आधी मध्यप्रांताचा चांदा जिल्हा होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि या प्रत्येक स्थित्यंतरात राजधानी मात्र त्याच्यापासून दूरच राहिली. जिल्ह्याचे ठाणे चंद्रपूर, आणि त्याची हद्द थेट गोदावरी-इंद्रावतीच्या काठापर्यंत. सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या माणसाला कोर्टाचे काम असो, जमिनीचा फेरफार असो की पोटाची शस्त्रक्रिया असो, चंद्रपूर गाठावे लागे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. ही घटना आपण महसुली कारभाराच्या सदरात टाकतो. मी ती आरोग्याच्या सदरातही टाकतो. कारण त्या एका राजपत्रामुळे वैनगंगेच्या पूर्वेला जिल्हा रुग्णालय आले, जिल्हा शल्यचिकित्सक आला, औषधांचे भांडार आले, आणि मुंबईच्या दप्तरात या प्रदेशाच्या नावाने एक स्वतंत्र रकाना उघडला गेला. ज्याला रकाना नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, आणि जिथे तरतूद नाही तिथे औषध पोचत नाही.

आता त्या मापाकडे येऊ. १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर समितीने खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवेचा जो आराखडा मांडला, त्याचा पाया लोकसंख्या हा होता : आरंभी चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे पैसा आला की ते याहून थोड्या लोकांमागे. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी उदार होती, आणि ज्यांनी ती मांडली त्यांना मी मनोभावे वंदन करतो. पुढे निकष सुधारले. आज सपाट प्रदेशात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागाला सवलत म्हणून अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार. सवलत! ऐकायला किती न्याय्य वाटते. पण श्रोतेहो, आपण थोडा हिशेब करून पाहू. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे कोल्हापूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ५०४ माणसे राहतात, गडचिरोलीत ७४. म्हणजे सपाटीच्या निकषाने कोल्हापूरच्या उपकेंद्राच्या वाट्याला सरासरी दहा चौरस किलोमीटरांचा प्रदेश येतो, आणि सवलतीच्या निकषाने गडचिरोलीच्या उपकेंद्राच्या वाट्याला चाळीस. प्राथमिक केंद्राचे पाहिले तर तिकडे साठ आणि इकडे दोनशे सत्तर! सवलत देऊन झाल्यावरही अरण्यातील परिचारिकेचा मुलूख चौपट आणि डॉक्टरचा साडेचारपट. शिवाय ७४ हा आकडा वडसा-आरमोरीची दाट वस्ती धरून निघालेला आहे. दक्षिणेला भामरागड-एटापल्लीकडे सरकावे तसतशी माणसे विरळ होत जातात आणि हिशेब आणखी क्रूर होत जातो. सर्वांना एकाच गजाने मोजणे यालाच आपण समता म्हणत आलो, आणि त्या गजाने माणसे मोजली, अंतर मोजलेच नाही.

बरे, अंतर तरी कशाने मोजायचे? किलोमीटरांनी मोजाल तर पुन्हा फसाल. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. जानेवारीत तो एका दिवसाचा आरामाचा प्रवास आहे. ऑगस्टात पर्लकोटेला पूर आला, पुलावरून पाणी वाहू लागले, की तेच अंतर चार दिवसांचे होते, आठ दिवसांचेही होते. आतल्या गावांचे तर विचारूच नका. बाजेला दोन्ही अंगांनी दोर बांधायचे, दोरांतून एक लांब वासा घालायचा, वाशाची दोन टोके चौघांनी खांद्यावर घ्यायची, बाजेवर घोंगडी, घोंगडीवर प्लास्टिकचा कागद, आणि त्याखाली कळा देणारी बाई. नाल्यात पाणी छातीला लागले की बाज डोक्यावर उचलायची. हे मी ऐतिहासिक वर्णन म्हणून सांगत नाही. अलीकडच्या पावसाळ्यांतही वर्तमानपत्रांनी अशी छायाचित्रे छापली आहेत, आणि आपण ती चहाबरोबर पाहिली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते, आणि उत्तम धावते; परंतु रस्ता संपतो तिथे तीही संपते.

याच प्रश्नावर शासनाने एक शहाणपणाचे उत्तर काढलेले आहे, आणि निंदा करताना स्तुतीची जागा चुकवू नये म्हणून ते सांगतो. त्याचे नाव माहेरघर. दिवस भरत आलेल्या बाईने कळा सुरू होण्याची वाट न पाहता काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील एका घरात येऊन राहावे, सोबत सासूने किंवा आईने यावे, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाई मिळावी, अशी ही योजना आहे. महाराष्ट्रात तिला आता पुरी दहा वर्षे उलटून गेली. हिचे मर्म काय? इथे शासनाने माणसे न मोजता वेळ मोजला. नदीशी भांडण करण्याऐवजी नदीच्या आधी निघायचे ठरवले. ज्या कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यात ही कल्पना प्रथम आली, त्याने रस्त्याअभावी झालेला एखादा मृत्यू जवळून पाहिला असला पाहिजे, असा माझा तर्क आहे. योजना कागदावर जितकी सुरेख तितकी ती प्रत्येक केंद्रात नांदते असे नाही. कुठे खोलीला कुलूप, कुठे खाटेखाली औषधांची खोकी. पण कल्पना खरी आहे, आणि खऱ्या कल्पनेला दुरुस्त करता येते.

इमारतीपुढे प्रश्न माणसांचा. गडचिरोलीला बदली झाली असे कळताच महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीत सहकारी ज्या स्वरात विचारतात, ‘काय केलंस रे?’ तो स्वर आपण सर्वांनी ऐकला आहे. शिक्षेची बदली! ज्या प्रदेशाला सर्वांत कर्तबगार माणसांची गरज, त्याच प्रदेशाला शासनाने नकळत शिक्षा भोगण्याची जागा ठरवले, आणि मग त्या शिक्षेचा जाच कमी व्हावा म्हणून एकस्तर वेतनाची, म्हणजे वरच्या पायरीच्या पगाराची, सवलत दिली. तिच्यामुळे काही माणसे टिकली, हे मान्य. परंतु जिथे मुलांना शाळा नाही, घराला दरवाजा धड नाही, आणि तीन वर्षे संपली तरी सुटकेचा हुकूम हातात पडेल याची शाश्वती नाही, तिथे पगारातील चार पैशांवर कोण थांबणार? उद्वेगाची गोष्ट ही, की जे थांबले त्यांना आपण संत केले. हेमलकशाला १९७३ च्या अखेरीस बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे आपले उभे आयुष्य वेचले. त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण ज्या राज्याला आपल्या एका तालुक्यापर्यंत वैद्यक पोचवण्यासाठी संतांची वाट पाहावी लागते, त्या राज्याने त्या संतांचा सत्कार करताना थोडे खाली पाहावे, असे मला वाटते.

मित्रहो, आता मी ज्या गोष्टीपाशी येतो तिथे थोडा रेंगाळणार आहे. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले, त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली, आणि बालमृत्यूंचा माग काढता काढता त्यांना आढळले की लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे. औषध ठाऊक होते आणि स्वस्त होते. अडचण होती ती निदानाची. बाळाला न्यूमोनिया आहे की साधा खोकला हे ओळखायचे म्हणजे त्याचे श्वास मोजायचे : दोन महिन्यांच्या आतले मूल असेल तर मिनिटाला साठ, त्याहून मोठे असेल तर पन्नास, याच्या वर गेले की धोका. पण गावातील दाईला, जिच्या हातून शेकडो बाळे या जगात आली, तिला साठपर्यंत मोजता येत नव्हते. आता अशा प्रसंगी सरकारी विचार काय करील? निरक्षर म्हणून दाईला बाद करील आणि पदविकाधारकाची जागा मंजूर करून ती रिकामी ठेवील. इथे निराळे झाले. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याशेजारी मण्यांच्या दोन ओळी, एवढे एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आधी लाल मण्यापर्यंत बोट पोचले, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. दहापर्यंत तर तिला येत होतेच!

हे साधन हातात घेऊन मी पुष्कळ वेळ पाहत बसलो होतो. त्यात यंत्रविद्या काहीच नाही. त्यात आहे ती एक भूमिका : माप माणसाच्या हाताला जुळवून घ्यायचे, माणसाला मापाच्या बाहेर घालवायचे नाही. या उपायाने त्या गावांतील न्यूमोनियाचे मृत्यू घटले, आणि १९९० साली ती हकीकत ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढचे पाऊल नवजात बालकांचे. ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देत, आईला दूध पाजण्याची रीत दाखवीत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर स्वतः जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. तीन वर्षांत, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली.

आणि आपल्या शासनाने? शासनाने ते स्वीकारले; २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी जावे असा कार्यक्रम सुरू झाला : तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. गडचिरोलीच्या चाळीसएक गावांतला प्रयोग भारताचे धोरण झाला, याहून मोठा सन्मान या जिल्ह्याला मिळालेला नाही. परंतु धोरण जेव्हा खेड्याकडून काही उचलते तेव्हा ते काय उचलते आणि काय खाली ठेवते, हे बारकाईने पाहावे. भेटी उचलल्या, वजनकाटा उचलला, तापमापक उचलला. इंजेक्शन खाली ठेवले. ते अर्धशिक्षित बाईच्या हाती कसे द्यायचे? वैद्यकाचा दर्जा, कायद्याची अडचण, शहरातील तज्ज्ञांची नापसंती! २०१४ साली ती परवानगी मिळाली ती परिचारिकेला, आणि तीही विशिष्ट परिस्थितीपुरती. शहरात हा निर्णय शहाणपणाचा ठरेल, कारण तिथे चार घरे सोडून दवाखाना असतो. धानोऱ्याच्या आतल्या गावात परिचारिका आठवड्यातून एकदा येते, आणि जंतुदोष झालेले तीन दिवसांचे बाळ तिची आठवडाभर वाट पाहू शकत नाही. नियम एकच, आणि त्याने एका ठिकाणी बाळाचे रक्षण होते, दुसऱ्या ठिकाणी बाळ जाते.

त्यात मोबदल्याचा प्रकार पाहा. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशेला एका बाळामागे २५० रुपये. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-सोळा बाळे जन्मतील. तीनशे वस्तीच्या पाड्यांवर चार किंवा पाच. पहिलीला चार हजार मिळतील, दुसरीला हजार-बाराशे, आणि चालावे लागेल दुसरीलाच अधिक. अलीकडे ठरावीक मासिक रकमेची भर पडली आहे, आणि ती भांडून, संप करून, आझाद मैदानात बसून मिळवलेली आहे. तरीही दरडोई मोबदल्याचे तत्त्व कायमच आहे. विरळ वस्तीत राहिल्याबद्दल या बाईला कोणत्या न्यायाने दंड होतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

जे मोजले जात नाही ते शासनाच्या लेखी नसते, याचे आणखी एक उदाहरण याच भूमीतले आहे. १९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती; त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळात शासनाच्या सर्व स्त्रीविषयक आरोग्ययोजना दोनच गोष्टी विचारीत : गर्भ आहे काय, आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली काय. या दोन प्रश्नांच्या मध्ये एका बाईचे चाळीस वर्षांचे दुखणे बसलेले आहे, हे कोणाला दिसले नाही; कारण नोंदवहीत त्याला रकाना नव्हता. आदिवासी आणि बिगर-आदिवासी, दोघींची स्थिती यात सारखीच होती. अशी समता आपल्याकडे फार लवकर साधते.

मलेरियाविषयी थोडक्यात सांगतो. १९५८ साली निर्मूलनाची मोहीम देशभर निघाली. भिंतींवर डीडीटी फवारायचे, डास भिंतीवर बसेल आणि मरेल. मैदानात तिने मोठे यश मिळवले. पण मातीच्या भिंती दर सणाला सारवणारी गृहिणी आणि पीक राखायला मळ्यावरच्या उघड्या मांडवात झोपणारा माडिया आदिवासी यांचा विचार त्या आराखड्यात कुठे होता? पुढे देशपातळीवरच्या आदिवासी आरोग्य समितीने, जिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच होते, २०१८ साली आपला अहवाल दिला. तो सांगतो की देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साधारण आठ-साडेआठ टक्के, मलेरियाच्या रुग्णांत तीस टक्के, आणि मलेरियाच्या मृत्यूंत निम्मे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मलेरियाचे मोठे ओझे आजही गडचिरोली वाहते. राज्याचा सरासरी आकडा मात्र खाली गेला की मुंबईत समाधान पसरते.

सरासरी! या एका कल्पनेने आपल्याला जेवढे फसवले तेवढे कोणत्याही लबाड पुढाऱ्याने फसवले नसेल. १९८४ साली प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा जितका मागे तितका त्याचा अनुशेष, असे गणित करून सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा आकडा काढला. त्या अहवालाने विदर्भाच्या हातात एक हत्यार दिले, यात शंका नाही. १९९३-९४ पासून सुकथनकर समितीच्या शिफारशीने आदिवासी उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढण्याची पद्धत पडली, हेही मोठेच पाऊल. मी या दोन्ही गोष्टींबद्दल कृतज्ञ आहे. पण सरासरी गाठणे हे ध्येय ठरले की अरण्याला इतरांइतकेच मिळावे एवढीच मागणी उरते. आणि अरण्यात इतरांइतके देणे म्हणजे कमी देणे, हे आपण मघाशी चौरस किलोमीटरांच्या हिशेबात पाहिले.

आतापर्यंत मी वैनगंगेच्या पलीकडचे बोललो, आणि चंद्रपूरकर मंडळी मनात म्हणत असतील की आमच्याकडे रुग्णालय आहे, २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आमचे काय? आपले दुखणे निराळ्या खात्याच्या दप्तरात आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक परिसरांची प्रतवारी केली, तेव्हा चंद्रपूरला शंभरांपैकी ८३.८८ गुण मिळाले, आणि या परीक्षेत गुण जितके अधिक तितकी नाचक्की अधिक. इथे कोळसा निघतो, सिमेंट भाजले जाते, आणि २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज राज्यभर जाते. राख मात्र इथेच राहते. दुर्गापूर-घुग्घुसच्या घरांत सकाळी अंगणातली काळी भुकटी झाडणाऱ्या बाईला कोणत्या खात्याने आजारी पाडले? आरोग्य खात्याने तर नाही. ते निर्णय ऊर्जा खात्याने घेतले, उद्योग खात्याने घेतले, खनिकर्म खात्याने घेतले. आरोग्य खात्याच्या वाट्याला आली फक्त खोकल्याच्या औषधाची बाटली. २०१५ पासून खाणींकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या वर्गणीतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी मिळू लागला आणि त्यात आरोग्याला अग्रक्रम आहे. त्यातून फुप्फुसे तपासली जातात की सभागृहांना फरश्या बसतात, हे विचारणे आपले काम आहे.

दारूचा विषय टाळून मी खाली बसलो तर इथल्या बहिणी मला क्षमा करणार नाहीत. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या चळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी इथे बंदी झाली, आणि २०२१ साली उठली. उठवताना कारण सांगितले गेले की चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले. वाढलेही असतील. बंदीची अंमलबजावणी ढिली होती, हे मी नाकारीत नाही. पण जप्त बाटल्या मोजल्या, दाखल खटले मोजले, बुडालेला महसूल तर पैशापैशाने मोजला. संध्याकाळी घरात शिजलेले अन्न कोणी मोजले काय? मार खाल्लेल्या बायका कोणी मोजल्या काय? ज्या गोष्टीचा हिशेब ठेवणारे खाते आहे तिचाच पुरावा होतो, आणि महसुलाचा हिशेब ठेवणारे खाते फार दक्ष आहे. खर्ऱ्याचेही तेच. पानठेल्यावर हातात सुपारी-तंबाखू घोटली जाते, दहा-बारा वर्षांचे पोरही ती मागून घेते, आणि राज्यातील गुटखाबंदीला खर्ऱ्याचा पत्ता सापडत नाही.

आता एक आनंदाची गोष्ट. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘मावा नाटे मावा राज’ म्हणत आपला कारभार ग्रामसभेच्या हाती घेतला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. शेजारच्या मर्दा गावासह हे हक्क मिळवणारे ते देशातले पहिले. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा केंद्रीय मंत्री गावात येऊन गेले. वरवर पाहता हा कायदा आरोग्याचा नाही. पण बांबूचे आणि तेंदूपत्त्याचे पैसे गावात राहिले की माणूस मजुरीसाठी परमुलखात जात नाही; गेला नाही तर गरोदर बाई घरी एकटी राहत नाही; आणि मोहाची फुले, चारोळी, कंद, मासे यांवर वनरक्षकाची नजर नसली तर पोटात काहीतरी जाते. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या दोन जिल्ह्यांसाठी झालेला सर्वांत मोठा आरोग्यविषयक कायदा हाच आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत तो शिकवीत नाहीत, हा निराळा भाग.

आणि ग्रामसभेचे दुसरे सामर्थ्य असे, की तिला मोजता येते. कोणत्या घरात बाळ गेले, कोणती बाई सातव्या महिन्यात आहे, कोणत्या नाल्याला केव्हा पाणी येते, हे तिला कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय ठाऊक असते. प्रत्येक महसुली गावाच्या आरोग्य समितीला दरसाल दहा हजारांचा बंधमुक्त निधी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देऊ केला. पण महसुली गाव एक आणि पाडे पाच, अशा ठिकाणी तो कोणत्या पाड्याचा हे ठरवण्याची ताकद ग्रामसभेतच आहे, तालुक्याच्या कारकुनात नाही.

आता माझी एकच सूचना, आणि ती नवी नाही. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दरवर्षी तयार होते, आणि पाऊस लागण्यापूर्वी त्या गावांना पुढच्या महिन्यांचे धान्य आगाऊ पोचवले जाते. म्हणजे शासनाला तांदळाचे अंतर महिन्यांत मोजता येते! मग डॉक्टरचे, परिचारिकेचे, सर्पदंशावरील प्रतिविषाचे, मलेरियाच्या तपासणीपट्टीचे अंतर त्याच यादीवरून का मोजू नये? त्या गावांच्या केंद्रांतील रिकाम्या जागा आधी भराव्यात, तिथल्या आशेला चार महिन्यांसाठी औषधांचा पुरा साठा आणि तो वापरण्याचा अधिकार द्यावा, मोबदला बाळांच्या संख्येवर न ठेवता पायपिटीवर ठेवावा, आणि माहेरघराच्या खोल्या मे महिन्यातच उघडून झाडून घ्याव्यात. यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही, नवी समितीही नेमावी लागत नाही. ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात जावी एवढा एक हुकूम लागतो, आणि तो दरसाल मेच्या पहिल्या आठवड्यात निघावा लागतो.